बटण कोणाच्या हाती? महापेतल्या एका छोट्या कंपनीचं प्रकरण

महापे एमआयडीसीत दहा-बारा माणसांची एक सॉफ्टवेअर कंपनी आहे. तिचं काम जमिनीची कागदपत्रं वाचण्याचं. ठाणे जिल्ह्यात जमिनीवर किंवा तिच्यावरच्या बांधकामावर कर्ज द्यायचं तर बँक आधी पॅनेलवरच्या वकिलांकडून तीस वर्षांचा शोध अहवाल मागते. वकिलांच्या ऑफिसातली मुलं सातबारे, फेरफार, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), जुनी खरेदीखतं गोळा करतात. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, बोजा (कर्जाची नोंद) कधी चढला आणि कधी उतरला, कुळाचं नाव कधी लागलं, वाटणीच्या वेळी बहिणींनी हक्कसोडपत्र दिलं की नाही, अशी साखळी जुळवतात. या साखळीचा पहिला खर्डा ही कंपनी एआयकडून करून देते. शेवटची सही वकिलांचीच.

हे सगळं चालायचं एका अमेरिकी कंपनीच्या एआय मॉडेलवर. कागद स्कॅन करायचा, इंटरनेटवरून तिकडे पाठवायचा, उत्तर घ्यायचं आणि टोकनच्या, म्हणजे मजकुराच्या छोट्या तुकड्यांच्या, हिशेबाने डॉलरमध्ये बिल भरायचं. देवनागरीला टोकन जास्त लागतात, त्यामुळे मराठी कागद सुरुवातीला महाग पडत. मे २०२४ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने जीपीटी-४ओ हे मॉडेल आणलं तेव्हा नव्या टोकनपद्धतीचं उदाहरण म्हणून काही भाषांतले आकडे दिले होते. त्यात मराठी मजकूर ९६ टोकनांवरून ३३ वर आला होता. बाकीच्या कंपन्यांनाही भाव उतरवावे लागले आणि महापेच्या कंपनीचा धंदा खऱ्या अर्थाने तिथून परवडू लागला. मोठ्या कंपन्यांच्या भांडणातला हा पहिला फायदा तिच्या पदरात पडला, तो तिने न मागता.

ऑगस्ट २०२५ मध्ये बँकेचं करार-नूतनीकरण आलं. सोबतच्या फॉर्मला या वेळी एक नवं पान जोडलेलं होतं. दोन प्रश्न महत्त्वाचे होते. तुमच्या एआय मॉडेलचा मूळ देश कोणता? आणि परदेशी सरकारच्या आदेशामुळे सेवा अचानक बंद पडली तर पर्यायी व्यवस्था काय, किती वेळात? पर्याय लिहून देण्यासाठी कंपनीने मला बोलावलं. कंपनी, बँक आणि माणसं यांची नावं इथे देत नाही, त्याने प्रकरणात फरक पडत नाही.

बँकेचा फॉर्म

दुसरा प्रश्न कुठून आला हे विचारायची गरज नव्हती. १८ जुलै २०२५ ला युरोपीय संघाने रशियाविरुद्धच्या निर्बंधांच्या नव्या यादीत नायरा एनर्जीचं नाव घातलं. मुंबईत मुख्यालय, गुजरातेत वाडीनारला रिफायनरी, देशभर पेट्रोल पंप, आणि ४९.१३ टक्के भांडवल रशियाच्या रोसनेफ्टचं. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने नायराच्या कर्मचाऱ्यांची ईमेल वगैरे सेवा थांबवली. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिना संपता संपता सेवा परत सुरू झाली. प्रकरण मिटलं, पण बँकांच्या जोखीम विभागांत त्याची फाईल उघडली ती उघडीच राहिली. निर्बंध युरोपचे, सेवा अमेरिकी, ग्राहक भारतीय आणि भारतातल्या कुठल्याही कायद्याचा भंग नाही. पैसे भरलेले असूनही टेबलावरचा ईमेल बंद.

रिझर्व्ह बँकेचे आयटी सेवा बाहेरून घेण्याबाबतचे निर्देश ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले आणि त्यात पुरवठादारापासून बाहेर पडण्याची योजना तयार ठेवावीच लागते. आजवर ती योजना म्हणजे फाईलमधला एक कागद होता. नायरानंतर कोणीतरी तो वाचला, एवढंच.

पहिल्या प्रश्नाची गोष्ट वेगळी. २० जानेवारी २०२५ ला चीनच्या डीपसीक या कंपनीने आर-१ हे मॉडेल खुलं केलं, म्हणजे कोणालाही उतरवून घेता येईल असं. २७ जानेवारीला एआय चिप बनवणाऱ्या अमेरिकी एनव्हिडियाचा शेअर एका दिवसात १७ टक्के पडला, सुमारे ५९० अब्ज डॉलरचं बाजारमूल्य गेलं. २९ जानेवारीला आपल्या अर्थ मंत्रालयाने कर्मचाऱ्यांना कळवलं की कार्यालयीन कॉम्प्युटर-मोबाईलवर एआयची साधनं वापरू नका, गोपनीयतेला धोका आहे. त्या सूचनेत उदाहरण म्हणून चॅटजीपीटी आणि डीपसीक ही दोन्ही नावं होती. एक अमेरिकी, एक चिनी. बँकेच्या फॉर्मपर्यंत पोचेपर्यंत त्यातलं एकच नाव ऐकू आलेलं दिसतं, कारण "मूळ देश" या रकान्याखाली बारीक अक्षरात चीनच्या बाबतीत वेगळी मंजुरी लागेल असं लिहिलं होतं. अमेरिकेबद्दल काही नाही. म्हणजे एकाच पानावर पहिल्या प्रश्नाला भीती चीनची होती आणि दुसऱ्या प्रश्नाला अमेरिकेची, आणि दोन्ही प्रश्न लिहिणाऱ्याला हे जाणवलेलं नव्हतं.

बंद करण्याची चार ठिकाणं

कंपनीच्या मालकांचं पहिलं म्हणणं साधं होतं. "अमेरिकेचं बंद पडलं तर चीनचं घेऊ, चीनचं नको असेल तर आपलं देशी घेऊ. त्यात काय?" असं होत नाही, कारण एआय ही एक वस्तू नाही. तिच्यात बंद करण्याची बटणं निदान चार ठिकाणी आहेत आणि ती एकाच देशाच्या हाती नाहीत.

सर्वांत वरचं बटण सेवेचं. मॉडेल त्यांच्या मशीनवर, आपण फक्त विचारतो आणि उत्तर घेतो. हे बटण रोज, कधीही दाबता येतं. ओपनएआयने जुलै २०२४ मध्ये चीनमधून एपीआयने, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून, होणारा वापर असाच बंद केला होता.

त्याखाली मॉडेलचे वेट्स, म्हणजे मॉडेल जे काही शिकलंय ते साठवलेली आकड्यांची अवाढव्य फाईल. ती खुली केली आणि आपण उतरवून घेतली की ती आपल्या डिस्कवर. मग परत मागायला कोणी येऊ शकत नाही. पुढची आवृत्ती न देणं एवढंच त्यांच्या हातात उरतं, आणि सातबारा वाचण्याच्या कामाला पुढची आवृत्ती मिळाली नाही म्हणून काही अडत नाही. सातबारा काही दर सहा महिन्यांनी बदलत नाही.

तिसरं बटण परवान्यातलं. कागदावरचं, म्हणून दुर्लक्षिलं जातं. त्याच्याकडे पुढे येतो.

चौथं आणि सगळ्यात खालचं चिपचं. इथे देश म्हणून आपली खरी अडचण आहे. अमेरिकेने ७ ऑक्टोबर २०२२ ला चीनला प्रगत एआय चिप विकण्यावर बंधनं घातली आणि वर्षभराने ती आवळली. चिपची रचना अमेरिकेत, घडण बहुतांश तैवानच्या टीएसएमसीत, त्यांवर अतिसूक्ष्म नक्षी उमटवणारी ईयूव्ही यंत्रं फक्त नेदरलँड्सच्या एएसएमएलकडे, सोबत लागणारी वेगवान मेमरी मुख्यतः दक्षिण कोरियाची. चीनने उलट गॅलियम, जर्मेनियम आणि दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर हात ठेवला. या रस्सीखेचीत भारत कुठे? १३ जानेवारी २०२५ ला बायडन सरकारने जो नियम जाहीर केला त्यात १८ मित्रदेशांना चिप हव्या तेवढ्या, आणि भारत दुसऱ्या रांगेत, ठरावीक कोट्यावर. नियम १५ मेपासून लागायचा होता. त्याच्या दोन दिवस आधी ट्रम्प सरकारने तो मागे घेतला. चीनसाठी मुद्दाम कमी ताकदीची बनवलेली एच-२० चिपसुद्धा एप्रिलमध्ये अडवली, जुलैत सोडली, आणि ऑगस्टमध्ये विक्रीतला १५ टक्के वाटा सरकारला देण्याची अट पुढे आली. अशा नियमांवर कोणी पाच वर्षांचं नियोजन कसं करावं!

पण इथे एक गोष्ट मालकांना स्पष्ट सांगावी लागली: हे चौथं बटण तुमच्या कंपनीचं दुखणं नाही. तुम्हाला एक-दोन जीपीयू (एआय चालवणाऱ्या चिप) लागणार, तेही भाड्याने. ते आधीच नवी मुंबईत येऊन बसले आहेत. ऐरोली, रबाळे, महापेत जुन्या रासायनिक कारखान्यांच्या शेजारी डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहिल्यात, पनवेलला योट्टा या कंपनीचं एनएम-१ डेटा सेंटर आहे. आर-१ खुलं झाल्यावर काही आठवड्यांत योट्टाने तिथल्याच एनव्हिडियाच्या एच-१०० चिपवर डीपसीकचं मॉडेल बसवून चॅटबॉट सुरू केला होता. चिनी मॉडेल, अमेरिकी चिप, तैवानची घडण, आणि मशीन पनवेलला. "मूळ देश" हा रकाना भरताना त्यात काय लिहायचं?

मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या १०,३७१.९२ कोटींच्या इंडियाएआय मिशनमधून सरकारी सवलतीचे जीपीयूही मिळतात. २०२५ च्या मध्यानंतर तो आकडा ३८,००० च्या घरात सांगितला जात होता आणि दर सरासरी तासाला ६५ रुपये. मालकांना हा दर फार आवडला. पण अर्ज करायचा, मंजुरीची वाट पाहायची, आणि बँकेची मुदत महिन्याअखेरची. तो विषय पुढच्या वर्षावर गेला.

"मग आपलं देशी?" हा प्रश्नही होताच. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने देशी पायाभूत मॉडेल बनवण्यासाठी सर्वम या कंपनीची निवड केली, पवईला आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने भारतजेन या देशी मॉडेलचं काम चाललंय. दोन्हींकडून मला आशा आहे. पण त्या घडीला सर्वमचं जे २४ अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे वेट्समध्ये तेवढे आकडे असलेलं) मॉडेल हाती होतं, त्याचा पाया फ्रान्सच्या मिस्ट्रलचा होता. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, सगळेच एकमेकांच्या खांद्यावर चढतात. फॉर्ममधल्या त्या रकान्यासाठी मात्र आणखी एक देश वाढला.

चाचणी

कंपनीने नवी मुंबईतल्याच एका डेटा सेंटरमधून जीपीयू भाड्याने घेतले आणि वकीलसाहेबांनी पूर्वी सह्या केलेल्या फाईली पुन्हा वाचायला लावल्या. भिवंडी, कल्याण आणि शिळ-दिवा पट्ट्यातल्या. एका बाजूला चालू अमेरिकी सेवा, दुसऱ्या बाजूला खुली मॉडेलं, त्यात चिनीही आणि अमेरिकीही.

छापील, डिजिटल सहीचे सातबारे कोणीही वाचले. खरं तर त्यांना एआयची गरजच नाही, ठरलेल्या साच्यातून मजकूर उचलणारा साधा प्रोग्राम पुरतो. आजवर कंपनी तेही डॉलर देऊन वाचून घेत होती! प्रकरणातली सगळ्यात मोठी बचत इथे सापडली, आणि तिचा कुठल्याही देशाशी संबंध नव्हता.

खरी परीक्षा जुन्या हस्तलिखित उताऱ्यांची. (मोडीचा प्रश्न नव्हता, तीस वर्षांच्या आत मोडी येत नाही.) इथे सगळी मॉडेलं, देश कोणताही असो, एकाच जागी अडखळली: कंस. तलाठी एखादी नोंद कमी करतो तेव्हा ती खोडत नाही, तिला कंस करतो आणि शेजारी फेरफाराचा नंबर टाकतो. सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' या रकान्यात सोसायटीचा बोजा लिहिलेला असतो, कर्ज फिटल्यावर त्याला कंस होतो. स्कॅनमध्ये हा कंस कधी पुसट, कधी पानाच्या घडीत गेलेला. मॉडेल तो बोजा जिवंत समजून खर्ड्यात मांडायचं. अर्थात उलटही व्हायचं, आणि ते जास्त वाईट, कारण जिवंत बोजा उतरलेला दाखवला तर बँकेचे पैसे बुडू शकतात.

वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "माझ्याकडे नवीन येणाऱ्या पोरांचंही पहिल्या वर्षी हेच होतं."

उपाय मॉडेल बदलण्यात नव्हता. कंसाचे फोटो वेगळे कापून, जुन्या तपासलेल्या फाईलींवरून खुल्या मॉडेलला त्यात तयार केलं, आणि शंका असेल तिथे खर्ड्यात लाल खूण टाकून माणसाकडे पाठवायचं ठरलं. वेट्स हातात असल्याशिवाय हे अशा पद्धतीने जमत नाही. माझ्या मते खुल्या मॉडेलच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा होता, सार्वभौमत्व वगैरे त्यानंतर. मॉडेल आपलं कोणतं, तर ज्याला आपण आपल्या कामाचं शिकवू शकतो ते.

भाड्याचा हिशेब मात्र वेगळाच निघाला. एपीआयचं बिल कामाप्रमाणे येतं, जीपीयूचं तासाप्रमाणे, काम असो नसो. म्हणून वकिलांनी संध्याकाळपर्यंत स्कॅन चढवायचे, मशीन रात्री चालवायचं आणि सकाळी खर्डा तयार, असं वेळापत्रक बसवलं. वकिलांना चाललं, शोध अहवालाची घाई कधीच तासांची नसते.

समितीची बैठक

ठाण्याच्या ऑफिसात बँकेच्या जोखीम समितीची बैठक झाली. जोखीम विभागाच्या मॅडम तयारीने आल्या होत्या. त्यांनी आधी विचारलं, "ते डीपसीक म्हणे पन्नास-साठ लाख डॉलरमध्ये बनवलं. मग आपल्याकडे का होत नाही?" ५५.७६ लाख डॉलर हा आकडा डीपसीकच्याच व्ही-३ या मॉडेलच्या शेवटच्या प्रशिक्षणफेरीचा आहे, २,०४८ एच-८०० चिपच्या भाड्याच्या हिशेबाने. आधीचं संशोधन आणि फसलेले प्रयोग त्यात धरलेले नाहीत, असं डीपसीकच्याच अहवालात लिहिलंय. हे सांगितल्यावर तो विषय मागे पडला.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला: "चिनी लोक फुकट का देतायत?"

याला माझं उत्तर असं. चीनकडे उत्तम मॉडेल बनवण्याइतक्या चिप कशाबशा आहेत, पण सगळ्या जगाच्या प्रश्नांना रात्रंदिवस उत्तरं देण्याइतक्या नाहीत. सेवा विकायची तर आपल्या चिप खर्ची पडतात. वेट्स वाटून टाकले की जग स्वतःच्या चिपवर ते चालवतं आणि सवय मात्र चिनी मॉडेलची लागते. म्हणजे अमेरिकेने चिप अडवल्या त्याचा एक परिणाम असा की चीनने मॉडेल मोकळी सोडली. आणि त्याला उत्तर म्हणून २३ जुलै २०२५ च्या अमेरिकी एआय कृती आराखड्यात खुल्या मॉडेलना उत्तेजन देण्याचं धोरण आलं, ५ ऑगस्टला ओपनएआयने जीपीटी-ओएसएस खुलं केलं. ही सगळी ओढाताण झाली नसती तर या बैठकीत आपल्यासमोर एकच पर्याय असता.

मॅडमचं पुढचं म्हणणं रास्त होतं. फाईलच्या आत काही लपवलेलं असेल तर? जानेवारी २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या अमेरिकी एआय कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं होतं की मॉडेलमध्ये एखाद्या खुणेवर जागं होणारं वाईट वर्तन मुद्दाम पेरता येतं आणि नंतरच्या सुरक्षा-प्रशिक्षणाने ते जातंच असं नाही. हे कुठल्याही देशाच्या मॉडेलला लागू आहे. आमचं उत्तर एवढंच होतं की मशीनला बाहेरचं इंटरनेटच नसेल आणि त्यातून निघणारा प्रत्येक खर्डा वकील वाचणार असतील, तर पेरलेलं काही असलं तरी ते जाणार कुठे आणि करणार काय.

आणि इथे परवाना, म्हणजे ते तिसरं बटण, आला. जीपीटी-ओएसएस फक्त मजकूर वाचतं, चित्र नाही, त्यामुळे साखळी जुळवायला ठीक, स्कॅन वाचायला निरुपयोगी. स्कॅनसाठी शेवटी दोन नावं उरली. अलीबाबाच्या क्वेन २.५-व्हीएलचं सात अब्ज पॅरामीटरचं मॉडेल अपाचे परवान्याखाली आहे, त्यात जवळपास कसलीच आडकाठी नाही. (त्याच्याच तीन आणि बहात्तर अब्जांच्या भावंडांचे परवाने वेगळे आहेत, हे न पाहता पुष्कळ लोक वापरतात.) दुसरं गूगलचं जेम्मा ३. त्याच्या अटींमध्ये एक कलम आहे: अटींचा भंग होतोय असं गूगलला वाजवी कारणाने वाटलं तर वापरावर, दूरस्थ पद्धतीने किंवा अन्यथा, निर्बंध घालण्याचा हक्क गूगल राखून ठेवते.

बँकेचे विधी अधिकारी चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे चिन्याच्या कागदात दोरी नाही आणि अमेरिकेच्या कागदात आहे?"

कागदात आहे, डिस्कवर नाही. इंटरनेट नसलेल्या मशीनवरची फाईल दुरून बंद करता येत नाही, दावा मात्र लावता येतो. विधी अधिकाऱ्यांचा कल बिनदोरीच्या बाजूला होता. मॅडमचा नव्हता. त्या म्हणाल्या, "उद्या पेपरात आलं, अमुक बँक जमिनीचे कागद चिनी एआयला दाखवते, तर मी अपाचे परवाना कोणाला समजावत बसू?"

निर्णय त्यांच्या बाजूने झाला. बँकेच्या फाईलींसाठी स्कॅन जेम्मा वाचेल, साखळी जीपीटी-ओएसएस जुळवेल, दोन्ही नवी मुंबईतल्या मशीनवर, बाहेरच्या जाळ्यापासून तोडून. क्वेनचं तयार केलेलं मॉडेल बंद पेटीत राखीव. जुनी अमेरिकी सेवा कंपनीच्या इतर ग्राहकांसाठी चालू राहील. तांत्रिक गुणांवर मी उलटं ठरवलं असतं. पण बँकेला तंत्रापेक्षा ठेवीदाराच्या मनातली शंका जास्त महाग पडते, आणि ते समितीला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. "मूळ देश" हा रकाना काढून त्या जागी चार ओळी आल्या: सेवा कुठून, वेट्स कोणाकडे, परवाना कसला, मशीन कुठे. कराराला एक वर्षाची मुदतवाढ मिळाली, अट एकच: दर तिमाहीला एक दिवस परदेशी सगळ्या जोडण्या तोडून काम चालवून दाखवायचं.

पहिली तालीम दिवाळीनंतर झाली. सकाळी जोडण्या तोडल्या. जीपीयू चालू, दोन्ही मॉडेल चालू, रात्रीच्या फाईलींचे खर्डे तयार. पण वकिलांच्या ऑफिसातून कोणालाच ते उघडता येईनात, कारण सॉफ्टवेअरच्या लॉगिनची आणि ओटीपीच्या ईमेलची व्यवस्था एका अमेरिकी क्लाउड सेवेवर होती आणि तिची नोंद कुठल्याच यादीत नव्हती. दुपारपर्यंत एक मुलगा पेनड्राइव्ह घेऊन महापेहून ठाण्याला निघाला. मॅडमनी त्याच दिवशी फॉर्ममध्ये पाचवी ओळ वाढवली.